आरंभशूर आणि दोनशे मडकी

आमच्या विहिरीच्या कडेला पत्र्याचा एक शेड आहे. सध्या त्यात तुराट्या आणि सरपण असतं. बांधला होता तो शेळ्यांसाठी. शेळ्या आल्या, आठ महिने राहिल्या आणि बाजारात गेल्या. शेजारी गांडूळखताचे दोन बेड आहेत, त्यात कोंबड्या उकरत असतात. माळ्यावर एम.ए. भाग एकची पुस्तकं आहेत, भाग दोनची आणलीच नाहीत. टायपिंगची तीसची परीक्षा दिलेली आहे आणि चाळीसची फी भरलेली आहे. भावकीत कुणी काही नवीन सुरू करून दोन महिन्यांत सोडलं, की त्याला माझं नाव द्यायची रीतच पडली होती. आबा, म्हणजे माझे वडील, यावरून कधी चिडले नाहीत. ते फक्त 'आमचा आरंभशूर' म्हणायचे, तेही कौतुकानं म्हटल्यासारखं. त्यामुळं ते जास्त लागायचं.

तेव्हा चिकाटीवर बोलायचा माझा अधिकार एवढाच, की ती माझ्यात मुळात नव्हती. जी काही आली ती दोन ठिकाणी शिकावी लागली, एकदा मोसंबीच्या बागेत आणि एकदा स्वतःच्या तोंडात.

आमचं गाव जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात. आबांनी २००४ साली दोन एकरांत मोसंबी लावली. न्यूसेलर जातीची, रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा भरलेली रोपं. वीस बाय वीस फुटांवर बारा ओळी आणि ओळीत अठरा झाडं, अशी २१६. पाचव्या वर्षी फळ धरलं. पाचोडच्या मार्केटला पहिली गाडी गेली त्या दिवशी मायनं पुरणपोळी केली होती. पुढची दोन-तीन वर्षं बरी गेली. मग २०१२ चा पावसाळा आला, म्हणजे आलाच नाही.

तो दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना सांगायची गरज नाही. जालना शहराला पाणी देणारा घाणेवाडीचा तलाव कोरडा पडला, शहर टँकरवर गेलं. आमच्या विहिरीत संक्रांतीला गुडघाभर पाणी होतं. महिन्याभरात तळातला खडक दिसू लागला. शिवारात कुऱ्हाडी चालू झाल्या. आठ-दहा वर्षांची फळावरची झाडं लोक सरपणाच्या भावात देत होते.

खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात महिन्याच्या महिन्याला चर्चासत्र असतं. आबा मला घेऊन तिथं गेले. बाग कशी वाचवायची यावर बरंच सांगितलं गेलं. हलकी छाटणी करा, सल काढा, म्हणजे वाळलेल्या काड्या काढून टाका, खोडाला मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावा, बुडाला आच्छादन करा, झाडावर एकही फळ ठेवू नका. हे सगळं आम्हाला ऐकून माहीत होतं. माहीत नव्हतं ते एकच: पाणी सगळ्या बागेला पुरणार नसेल तर सगळ्या बागेला देऊ नका. आधी झाडं निवडा.

परतताना एसटीत आबा एक शब्द बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बादलीत गेरू कालवला. बोटानं खोडावर पट्टा ओढला की ते झाड ठेवायचं. विकत घ्यायच्या टँकरचा आणि आमच्या खिशाचा हिशोब करून आकडा काढला होता शंभर. म्हणजे ११६ झाडं सोडायची. वरच्या अंगाला मुरमाड जमीन होती, तिथल्या ओळी पहिल्यांदा गेल्या. मग डिंक्या, म्हणजे बुडातून डिंक गळायचा रोग झालेली गेली, मग शेंडे वाळलेली. हे सोपं होतं. अवघड झालं ते सातव्या ओळीतल्या तिसऱ्या झाडापाशी. ते विहिरीजवळचं होतं, बागेत सगळ्यात दाट, आणि आबा दुपारची भाकरी कायम त्याच्याखाली बसून खायचे. त्याच्या बुडाला एका बाजूनं डिंक पाझरत होता, साल चिरून आत तपकिरी झाली होती. आबा त्या झाडावरून पुढं गेले, मागं आले, पुन्हा पुढं गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा खाली बसून त्यांनी नखानं साल खरवडून पाहिली. उठले, गेरूचा हात धोतराला पुसला आणि आठव्या ओळीला लागले.

मी म्हणालो, "आबा, एवढं एक घेऊ की. शंभर काय अन् एकशे एक काय."

"मंग एकशे दोन काऊन नको?" ते म्हणाले.

त्या दिवशी मला ते कठोर वाटलं. आता वाटतं, माझी शेळ्यांपासून टायपिंगपर्यंतची सगळी खटपट तिथंच फसत आली होती. मी कधी कशाला गेरू लावलाच नव्हता. सगळी झाडं माझीच, सगळ्यांना थोडं थोडं पाणी, आणि सगळीच अर्धी वाळलेली. एम.ए. सोडलं याची पुढं मला कितीतरी वर्षं टोचणी होती. बागेनंतर ती कमी झाली. ते माझ्या ११६ मधलं होतं, इतकंच. फक्त ते मी निवडून सोडलेलं नव्हतं, ते आपसूक वाळलं होतं, आणि या दोन्हींत फरक आहे.

मग मडकी. कुंभारवाड्यातून दोनशे आणली, झाडाला दोन या हिशोबानं. प्रत्येकाच्या बुडाला खिळ्यानं भोक पाडायचं, त्यात जुन्या धोतराच्या चिंधीची वात घट्ट बसवायची, आणि मडकं गळ्यापर्यंत जमिनीत गाडायचं. खोडाजवळ गाडायचं नाही. झाडाची सावली दुपारी जिथं संपते तिथं गाडायचं, कारण पाणी ओढणारी बारीक मुळं तिथं असतात, आणि खोड ओलं राहिलं की डिंक्याला आवतणच. वर खापरीचं झाकण. चहूबाजूंनी सोयाबीनचं भुसकट आणि उसाचं पाचट, चांगलं वीतभर जाड. एका मडक्यात साधारण आठ लिटर बसायचं. ते वातीतून झिरपत दोन दिवस पुरायचं. म्हणजे रोज पन्नास झाडं, शंभर मडकी, आठशे लिटर. बैलगाडीवर चार टिपाडं ठेवली की बरोबर बसायचं. ट्रॅक्टरचा पाच हजार लिटरचा टँकर सहा दिवस चालायचा.

पहाटे साडेचारला उठायचं, टिपाडं भरायची, गाडी ओळीतून चालवायची, दोन बादल्या घेऊन उतरायचं, झाकण काढायचं, ओतायचं, झाकण लावायचं. अडीच तास. फेब्रुवारीत सुरू केलं.

पहिले चार दिवस अंगात वारं भरलं होतं. चौथ्या दिवशी तर माझी पन्नास झाडं लवकर झाली म्हणून मी दुसऱ्या दिवशीचीही वीस उरकून टाकली, वर मडक्याबाहेर दोन-दोन तांबे ओतले. मला वाटलं आबा खूश होतील. ते पहिल्यांदा माझ्यावर ओरडले ते त्या दिवशी.

"उद्याचं आज ओतलंस. उद्या काय ओतशील? आन् उद्या तुझं अंग दुखंल तं झाडाला काय सांगायचं, की बाबा काल जास्त पिलास?"

तेव्हापासून नियम ठरला. पन्नास म्हणजे पन्नास. कमी नाही, आणि जास्त तर अजिबात नाही. जोम आला असेल तर बांधावर बस, मडक्याला हात लावू नको. हा नियम मला जाचक वाटायचा, कारण माझ्या आयुष्यातली सगळी सुरुवात जोमावरच झालेली होती. पण जोम संपला त्या आठवड्यात, साधारण नवव्या-दहाव्या दिवशी, कळलं की पन्नास झाडं बिनजोमाची पण होतात. अंग दुखत असताना होतात, आदल्या रात्री भांडण झालेलं असताना होतात. शंभर झाली नसती.

सवय एकवीस दिवसांत लागते असं व्याख्यानांतून सांगतात. ही माणसं कुणी पहाटे मडकी भरलेली नसावीत. माझा एकविसावा दिवस विसाव्यासारखाच होता आणि साठावा त्याहून वाईट, कारण तोवर एप्रिल लागला होता. थकवा परवडला, पण कंटाळा फार वाईट. थकव्याला झोप हा उतारा आहे, कंटाळ्याला काही नाही. माझ्या बाबतीत थोडा उपयोग झाला तो बायकोच्या कॅलेंडरचा. भिंतीवरच्या कॅलेंडरात ती दुधाचा हिशोब लिहायची, त्याच चौकोनात कोपऱ्यात तिनं 'म' लिहायला सुरुवात केली. 'म' म्हणजे मडकी झाली. मी विचारलं नव्हतं, तिनं सांगितलं नव्हतं.

मार्चच्या शेवटी परतूरला मावसभावाचं लग्न होतं. मी एका दिवसासाठी गेलो, दोन दिवस राहिलो, आणि परत आल्यावर तिसऱ्या दिवशी अंग मोडून आलंय म्हणून झोपून राहिलो. आबांना तेव्हा हर्नियाचा त्रास होता, त्यांना बादली उचलायची नव्हती. उचलली असणार, कारण दहाएक झाडांची मडकी ओली होती. बाकीच्यांची पानं सुरळी होऊन वळली होती. अकराव्या ओळीतली चार झाडं त्यातून उठलीच नाहीत. कॅलेंडरात तीन चौकोन मोकळे होते. कुणी काही बोललं नाही. चौथ्या दिवशी पहाटे मी उठलो तेव्हा बायकोनं कंदील पेटवून ठेवलेला होता, बस.

त्या बागेत मला एक हिशोब समजला. एक खाडा झाडाला कळत नाही. दुसरा कळतो, पण ते सोसतं. तिसऱ्याला मुळं सुटायला लागतात. पुढं हा हिशोब मला भलत्याच ठिकाणी उपयोगी पडणार होता.

२०१३ च्या जूनमध्ये पाऊस आला. शंभरातली अठ्ठ्याऐंशी झाडं हिरवी होती. मला वाटलं, संपलं, आता फळ. तसं नव्हतं. छाटलेलं, उपासलेलं झाड लगेच फळ देत नाही. २०१४ ला आंबे बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणारी फुलं धरली आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात जी गारपीट झाली तीत सगळी जमिनीवर आली. त्या वर्षीचा आणि पुढच्या वर्षीचा पावसाळाही कोरडाच. २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी नेलं ते आम्ही टीव्हीवर पाहिलं, तेव्हा आमची मडकी पुन्हा भरली जात होती. त्याच साली जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं. मी आबांना पेपर वाचून दाखवला. आबा म्हणाले, "झाडं किती उरली ते बी लिव्हलंय का त्याच्यात?"

दुसऱ्या वेळची मडकी मात्र पहिल्यासारखी जड गेली नाहीत. त्यात सांगण्यासारखं काही नाही, रोज पन्नास. म्हणून इथं एवढंच लिहितो.

त्याच साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली. तीस बाय तीस मीटरचं, तीन मीटर खोल तळं म्हणजे साधारण बावीस लाख लिटर. आठशे लिटरनं दिवस मोजणाऱ्या माणसाला हा आकडा खोटाच वाटायचा. अर्ज, मोजणी, फोटो, पुन्हा फोटो. एका कार्यालयात माझी फाईल तीनदा हरवली आणि तीनदा सापडली. पूर्वीचा मी दुसऱ्या चकरेत घरी बसलो असतो. मी ठरवलं, दर सोमवारी एक चकर. मंगळवारी नाही, दोन चकरा नाहीत, रागावून तर मुळीच नाही. चौदाव्या सोमवारी काम झालं. तिथला शिपाई नंतर चहाला बोलवायला लागला होता.

आता तोंडाचं.

मी बाविसाव्या वर्षापासून पुडी खायचो. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली तेव्हा आम्ही खाणाऱ्यांनी दोन दिवस चिंता केली. मग टपरीवर दोन पुड्या मिळायला लागल्या, एकीत सुपारी-मसाला, एकीत तंबाखू. तळहातावर एकत्र केलं की झालं. मडकी भरतानाही माझ्या गालात पुडी असायची. कंटाळ्यावर आणखी काय उपाय, असं मी स्वतःला सांगायचो.

२०१७ च्या दिवाळीत लक्षात आलं, की माझ्या तोंडात आख्खा लाडू जात नाही. ठेचा तर वर्षभरापासून झोंबत होता. आमच्याकडं माणसाला ठेचा झोंबला म्हणजे त्याला पाव्हणा समजतात. मी दही-भाकरीवर आलो होतो आणि त्याला पित्ताचं कारण सांगत होतो. पोरीनं एकदा जालन्यात पाणीपुरी खायला नेलं, तर मी पुरी हातानं फोडून पाणी पिलो. ती हसली, मग माझ्याकडं बघून हसायची थांबली.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "काका, तीन बोटं उभी घालून दाखवा." दोन कशीबशी गेली. त्यांनी पट्टी लावून वरच्या आणि खालच्या दातांतलं अंतर मोजलं: २२ मिलिमीटर. चांगल्या माणसाचं चाळीसच्या आसपास असतं. आजाराचं नाव सबम्युकस फायब्रोसिस. सुपारीनं तोंडाच्या आतली कातडी हळूहळू ताठ, चामड्यासारखी होत जाते. पूर्ववत होत नाही. कॅन्सरच्या आधीची पायरी ठरू शकते. त्या शांतपणे सांगत होत्या, आणि मी त्यांच्या टेबलावरच्या प्लास्टिकच्या दातांकडं बघत होतो.

उपचारात गोळ्या होत्या, गालात इंजेक्शनं होती, आणि होत्या आइस्क्रीमच्या लाकडी काड्या. काड्यांची चळत करून पुढच्या दातांमध्ये आडवी धरायची, तोंड ताणून ठेवायचं, मिनिटभर. दिवसातून पाच वेळा. जेवढ्या बसतील तेवढ्यापासून सुरुवात, सोपं वाटायला लागलं की एक काडी वाढवायची. माझ्या बसल्या अकरा.

काड्यांचं मी काय केलं असेल? तेच. पहिल्या आठवड्यात जोमात येऊन दोन काड्या जास्त दामटल्या. ओठाचा कोपरा फाटला, रक्त आलं, तीन दिवस तोंड उघडेना. आबांना सांगितलं नाही, पण उद्याचं आज ओतल्याचं मला तिथंच आरशासमोर आठवलं. नंतर एका काडीला तीन-तीन आठवडे लागले. बाराव्या काडीला तर पाच. रोज पाच मिनिटं, तोंडातून लाळ गळत, न बोलता. बाप्याला एवढं गप्प बसलेलं पाहून शेजारच्या बायका हसायच्या.

पुडी सोडणं याहून अवघड. पहिल्यांदा सोडली ती गुढीपाडव्याला, भावकीसमोर, नारळ फोडून. तेवीस दिवस टिकली. चोविसाव्या दिवशी बसस्टँडवर एका मित्रानं पुढं केली आणि मी घेतली. त्या एका पुडीनं काही बिघडलं नसतं. बिघडलं ते पुढं. शपथ मोडलीच आहे, आता काय, म्हणून त्या दिवशी मी आठ खाल्ल्या. त्यानंतर दोन महिने पूर्वीसारखंच.

एका रात्री बायको दुधाचा हिशोब करत होती. जुनी कॅलेंडरं ती टाकत नाही, त्यांच्या मागे उधाऱ्या लिहिते. २०१३ चं पान उलटं-सुलटं करताना ते तीन मोकळे चौकोन दिसले, आणि चौथ्यात 'म'. म्हणाली, "तवा कुठं नारळ फोडला व्हता तुम्ही?"

खरंच, फोडला नव्हता. मडक्यांची शपथ नव्हती, म्हणून ती मोडलीही नव्हती. खाडे पडले होते आणि चौथ्या दिवशी गाडी जुंपली होती. दुसऱ्या दिवसापासून पुडी खाल्ली की मी तिला सांगायचं आणि तिनं चौकोनात 'ख' लिहायचं, एवढंच ठरलं. किती खाल्ल्या ते नाही. रागवायचं नाही. नियम एकच, लागोपाठ दोन 'ख' येऊ द्यायचे नाहीत. तिसऱ्याला मुळं सुटतात हे मला माहीत होतं, म्हणून मी दुसऱ्यालाच अडवायचं ठरवलं.

दरम्यान तंबाखू सोडायला फोनवरून मदत करणाऱ्या राष्ट्रीय क्विटलाइनचा १८०० ११ २३५६ हा नंबर डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर लिहून दिला होता. तो लावायला मला आठ दिवस लागले. एवढा मोठा माणूस फोनवर कुणाला सांगणार, की मला पुडी सुटत नाही? तिकडच्या बाईंनी उपदेश केला नाही. कधी खाता, असं विचारलं. मी म्हणालो, कधीही. त्या म्हणाल्या, आठवून सांगा. आठवलं तर तीनच वेळा निघाल्या: सकाळच्या चहानंतर, मोटार सुरू करायला गेल्यावर, आणि गावात चार माणसांत उभं राहिल्यावर. चहानंतरची वेळ मी काड्यांना दिली. तोंडात चळत असताना पुडी खाता येत नाही. मोटारीच्या पेटीत बडीशेपेची डबी ठेवली. चार माणसांचं मात्र काही करता आलं नाही. आपल्याकडं पुडी नाकारणं म्हणजे माणूस नाकारणं. कुणी हात पुढं केला की मी तोंड उघडून दाखवायचो, जेवढं उघडायचं तेवढं. दोघा-तिघांनी तिथंच स्वतःची बोटं घालून पाहिली. त्यातला एक नंतर डॉक्टरकडं गेला.

पहिल्या महिन्यात अकरा 'ख' होते. दुसऱ्यात नऊ. तिसऱ्यात पुन्हा अकरा, कारण मोसंबी उक्ती, म्हणजे झाडावरच ठोक ठरवून दिली होती आणि व्यापाऱ्यानं भाव पाडला. मग सहा, चार. वर्षाच्या शेवटी एक महिना पूर्ण मोकळा गेला, पण त्याचा कुणी सोहळा केला नाही. बायकोनं फक्त पान उलटलं. दीड वर्षानं पट्टीवर ३३ मिलिमीटर आलं. ठेचा अजून झोंबतो, पण खातो.

बागेत आज ७९ जुनी झाडं आहेत आणि रिकाम्या जागी लावलेली नवी. सातव्या ओळीतल्या तिसऱ्याच्या जागी आबांनी काहीच लावू दिलं नाही. आबा ऐंशीला टेकलेत. तिथं ऊन येतं, हिवाळ्यात बसायला बरं, असं ते म्हणतात. 'आरंभशूर' हा शब्द त्यांनी सोडलेला नाही.

मागच्या आठवड्यात चुलतभावाचा दहावा होता. गोदाकाठी बसलो होतो, ऊन उतरत होतं, कुणीतरी न विचारता तळहात पुढं केला, आणि मी घेतली. सव्वा वर्षानं. घरी आल्यावर सांगितलं. तिनं पेन शोधलं, मिळेना, पोरीच्या दप्तरातून आणलं आणि चौकोनात 'ख' लिहिलं. शेजारी दुधाचं दीड लिटर.

सकाळी चहा झाल्यावर तिनं काड्यांचा डबा माझ्यापुढं सरकवला. सतरा. मोटार सुरू करायला जायचं नव्हतं, बहारासाठी पाणी तोडून बागेला ताण दिलेला होता.